दरवर्षी तेच हॉटेल का?

(सांगलीतल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेत झालेलं भाषण. रेकॉर्डिंग ऐकून उतरवलंय, 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? तो पंखा जरा कमी करा कुणीतरी, माझे कागद उडायला लागलेत.

तर पत्रिकेत विषय छापलाय 'समुद्रकाठचं जुनं हॉटेल आणि आम्ही', आणि हॉटेल कुठलं तर मुंबईचं ताज, त्यामुळे आधीच खुलासा करून टाकते की मी काही कुणी मोठी बागायतदारीण नाही, पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकवून रिटायर झालेली बाई आहे. आम्ही दरवर्षी ताजला जातो म्हणजे बहुतेक वर्षी दुपारचा चहा प्यायला जातो. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला बसायचं, सकाळी मुंबई, दुपारी सी लाउंजमध्ये चहा, आणि रात्री परत महालक्ष्मी. येताना भडंगाचा पुडा संपलेला असतो आणि पाय सुजलेले असतात. ताजमध्ये रात्र काढली ती माझ्या रिटायरमेंटला, फंडाचे पैसे हातात आले तेव्हा, आणि ते बिल आमच्या ह्यांना अजून पचलेलं नाही, ते बघा तिकडे तिसऱ्या रांगेत मान हलवतायत.

लोक म्हणतात, मॅडम, एवढ्या पैशात केरळ होईल, अंदमान होईल, त्याच त्या हॉटेलात काय आहे? बरोबर आहे त्यांचं. पण मला नवीन काही बघायचंच नसतं ओ. मला ते बघायचं असतं की यंदा तिथं काय काय बदललं, जेणेकरून ते सगळं गेल्या वर्षीसारखंच दिसतंय. आज एवढंच बोलणार आहे मी. समुद्राच्या तोंडावर सव्वाशे वर्षांची इमारत 'जशीच्या तशी' उभी असते तेव्हा ती कुणीतरी रोज परत परत करत असतं, आणि ते काम एकदा जाऊन दिसत नाही, परत परत गेलं तरच दिसतं.

सवय लागली वडिलांमुळे. ते हळदीच्या पेठेत एका अडतीवर दिवाणजी होते, वसुलीला मस्जिद बंदरला जायचे, आणि काम आटपलं की चालत अपोलो बंदरला जाऊन समुद्र बघून यायचे. हॉटेलच्या आत जायची छाती नव्हती. एकदा शेठ बरोबर होते, ते आत घेऊन गेले, चहा पाजला, आणि त्यानंतर वडिलांनी घरी जे वर्णन केलंय ना, आम्हाला वाटलं इंद्राच्या दरबारातून आले. मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी त्यांना परत घेऊन गेले. तिथून सुरू झालं ते सुरूच आहे. वडील गेले, मग आई यायची, मग लग्न झालं तर हे यायला लागले, मग मुलगी, आता जावई. जावयाला पहिल्यांदा बघितलं ते पण तिथंच. हसू नका, सी लाउंजची ती जुनी ख्याती आहे, मुंबईतल्या कितीतरी घरांचे मुलगी बघायचे कार्यक्रम तिथं झालेत. आमच्याकडे पोह्यांच्या ऐवजी शेवपुरी होती एवढाच फरक.

आता आमचा रस्ता सांगते, कारण माझं अर्धं भाषण त्या रस्त्यावरच आहे.

गाडी सीएसएमटीला लागते सकाळी साडेसातच्या आसपास. आपण बाहेर पडतो आणि टॅक्सीच्या मागे धावतो, वर कुणी बघत नाही. वर बघा कधीतरी. १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हा आर्किटेक्ट, हे सगळ्यांना माहिती असतं. पण त्याच्या हाताखाली असिस्टंट इंजिनिअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. मराठी माणूस. आणि हेच वैद्य पुढे डी. एन. मिर्झांच्या जोडीनं ताजचे आर्किटेक्ट झाले. म्हणजे सांगलीहून निघालेला माणूस मुंबईत ज्या इमारतीत उतरतो तिथं वैद्यांचा हात लागलाय आणि ज्या इमारतीत चहा प्यायला जातो ती तर त्यांनीच आखलीय, आणि आमच्या कॉलेजच्या मुलांना मी विचारायचे वैद्य कोण, तर एकालाही सांगता यायचं नाही. तेवढंच नाव फळ्यावर लिहून मी टर्म सुरू करायचे.

ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल, की ताज उलटं बांधलं गेलं, आर्किटेक्ट साहेब विलायतेहून आला, बघतो तर तोंड शहराकडे आणि पाठ समुद्राकडे, मग त्यानं धक्क्यानं जीव दिला. गाइड लोक फार रंगवून सांगतात. सगळी थाप आहे. वैद्य काम चालू असतानाच वारले, पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरनं पुरं केलं. आणि तोंड शहराकडे होतं ते मुद्दाम होतं. घोडागाड्या शहरातून येणार, तर दार शहराच्याच बाजूला पाहिजे, आज जिथं स्विमिंग पूल आहे तिकडून तेव्हा मुख्य प्रवेश होता. आणि समुद्राची बाजू ठेवली खोल्यांना, वाऱ्यासाठी. एसी नव्हता त्या काळात, वारा हाच एसी. यात उलटं काय आहे सांगा? उलट मी तर म्हणते प्लॅनिंगच्या पेपरला पूर्ण मार्क.

बरं, सीएसएमटीहून टॅक्सी करत नाही आम्ही, चालतो. हुतात्मा चौक, मग काळा घोडा. काळ्या घोड्याला मी सगळ्यांना थांबवते. जावई आता आधीच थांबतो. तिथं एक इमारत आहे, एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात, मूळचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकातलं. सगळा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजातून सुटा आणून इथं जोडलाय. त्या काळातलं मुंबईतलं सगळ्यात भारी हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली ती याच वॉटसनमध्ये. इतिहास म्हणाल तर ताजपेक्षा कणभर कमी नाही, वयानं तर मोठंच.

आणि आज? हॉटेल कधीच बंद झालं, आत शेकडो लहान लहान भाडेकरू आले, ऑफिसं, वकिलांच्या खोल्या, कुणीच कुणाला दुरुस्तीचे पैसे द्यायला तयार नव्हतं. २००५ च्या पावसाळ्यात बाल्कन्यांचा भाग कोसळला. आता इमारत रिकामी करून टेकू लावून ठेवलीय. मी तिथं उभी राहिले की लोखंडाच्या खांबाचा रंग बघते. जिथं पोपडे सुटलेत तिथून गंज कसा उतरलाय, सांध्यातून लालसर पाणी कसं ओघळून वाळलंय. जगात ओतीव लोखंडाची एवढी जुनी, अनेक मजली इमारत फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे. जमशेदजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी चिडून ताज बांधलं अशी पण एक गोष्ट आहे, ती सिनेमाला बरी आहे, पण त्याला भक्कम पुरावा कुणी दाखवलेला नाही. त्यापेक्षा १८९६ च्या प्लेगनं मुंबईची जी दैना केली होती, माणसं शहर सोडून पळत होती, त्या काळात एक माणूस म्हणतो की मी इथं जगातलं उत्तम हॉटेल बांधणार, हे मला जास्त मोठं वाटतं. बहिणीनं विचारलं म्हणे त्यांना, की एवढे उद्योग काढलेस, आता भटारखाना पण काढतोस काय! १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं, आणि मे १९०४ मध्ये जमशेदजी जर्मनीत वारले. जेमतेम पाच महिने.

तर एका समुद्राच्या दोन इमारती. चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, हवा तीच, पाऊस तोच. एक पडायला आलीय आणि एकीच्या दारात जगभरातनं लोक येतात. पोरांना मी सांगते, पुस्तक ठेवा बाजूला, एवढा पंधरा मिनिटांचा रस्ता नीट चाला, मेंटेनन्सचा सगळा सिलॅबस झाला.

आता जरा माझ्या विषयावर येते, घाबरू नका, गणित नाही.

समुद्राची हवा खारी असते म्हणजे काय, तर लाटा फुटतात, त्याचे बारीक तुषार हवेत उडतात, पाणी वाळतं आणि मीठ राहतं, आणि ते मीठ वाऱ्याबरोबर येऊन भिंतीवर बसतं. कुलाब्याची तर नुसती पट्टी आहे, दोन्ही अंगाला समुद्र. हे मीठ काँक्रीटमध्ये असं मुरतं जसं लोणच्याच्या फोडीत मुरतं, घाई नाही, गडबड नाही, पण आतपर्यंत. काँक्रीटच्या आत सळईवर एक संरक्षक थर असतो, तो मिठातला क्लोराइड फोडतो, आणि मग सळई गंजायला लागते. गंज नुसता खात नाही, तो फुगतो. मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. जागा कुठनं मिळणार? मग तो वरचं काँक्रीट ढकलतो, आधी केसासारखी भेग, मग सळईच्या रेषेत लांब भेग, मग एक दिवस खाली सज्जाचा तुकडा. मुंबईत समुद्राकडच्या सोसायट्यांत हे तुम्ही बघितलं असेल.

दगडी इमारतीचं दुखणं वेगळं. तिथं मीठ दगडाच्या आणि गिलाव्याच्या छिद्रात पाण्याबरोबर जातं, पाणी उडून जातं, मिठाचे खडे आतच तयार होतात आणि आतून दाब देतात. भिंतीचा पृष्ठभाग पिठासारखा झडतो. अशा वेळी आपले लोक काय करतात, तर वरून सिमेंटचा जाड गिलावा मारतात आणि ऑइलपेंट लावतात. झालं! आतली ओल बाहेर पडायचा रस्ता बंद, मीठ आतच कोंडलं. जुन्या चुन्याच्या बांधकामाला चुनाच लागतो, तो श्वास घेतो. म्हणून जुन्या इमारतीत चुन्याचं काम येणारा गवंडी मिळणं ही आज पैशापेक्षा मोठी अडचण आहे.

आणि एक गंमत सांगते, ही मला पुस्तकात नंतर सापडली, आधी तिथं बघून कळली. आपल्याला वाटतं जिथं पाऊस जास्त लागतो तिथं भिंत जास्त खराब होणार. पण समुद्राकाठी कितीतरी वेळा उलटं असतं. पाऊस लागतो तिथलं मीठ धुऊन जातं. छज्जाच्या खाली, कोनाड्यात, नक्षीच्या मागे, जिथं पाऊस पोचत नाही, तिथं मीठ वर्षानुवर्षं साठत राहतं. म्हणून मी समुद्रावरची कुठलीही इमारत बघते तर आधी छज्जाखाली मान घालून बघते. माणसांना वाटतं बाईचं काहीतरी पडलंय.

एका वर्षी आम्ही लवकर पोचलो होतो, गेटवेच्या कठड्याशी बसलो होतो, आणि समोर समुद्राकडच्या भिंतीला दोरावर झुला लावून एक रंगारी काम करत होता. मी तासभर त्याच्याकडेच बघत बसले. आधी त्यानं लहान हातोडीनं खिडकीभोवतीचा गिलावा वाजवून बघितला, टक टक टक, एका ठिकाणी आवाज बद्द आला असणार, कारण तो तिथं थांबला, कान जवळ नेला, परत वाजवलं, आणि खडूनं गोल केला. मग पुढं. सगळं वाजवून झालं तेव्हा मोठ्या भिंतीवर तीन-चार खडूचे गोल, बास. मग खिडकीच्या लाकडाचा जुना रंग पत्र्यानं खरवडला, पॉलिश पेपर मारला, लांबी म्हणजे पुट्टी भरली, परत पेपर मारला. नवीन रंग लावायचा तर त्याचं नावच काढेना. खालून जाणाऱ्यांपैकी कुणी वर बघत नव्हतं, सगळे हॉटेलकडे पाठ करून सेल्फी काढत होते. पुढच्या वर्षी मी ती खिडकी शोधायला गेले आणि मला सापडली नाही. सगळ्या सारख्याच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, कारण काम चांगलं झाल्याची खूण हीच.

आपल्याला वाटतं हेरिटेज म्हणजे हात न लावलेलं. हात नाही लावला तर समुद्र लावतो.

आता हे हॉटेल तिथंच का, हा प्रश्न मुलीनं लहानपणी विचारला होता. हा इतिहास थोडक्यात सांगते. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, युरोपातून मुंबईला यायचं तर आफ्रिकेला वळसा घालायची गरज संपली. इकडं रेल्वे घाट चढून देशावर आलेली होती. सगळ्या आगबोटी मुंबईला लागायला लागल्या, आणि बोटीतून उतरलेल्या माणसाला, किंवा बोटीची वाट बघणाऱ्याला, राहायला जागा पाहिजे. म्हणून त्या चाळीस वर्षांत बंदराबंदरावर असली हॉटेलं उभी राहिलेली दिसतात. कोलंबोचं गॉल फेस कालव्याच्या थोडं आधीचं, १८६४ चं, सिंगापूरचं रॅफल्स १८८७ चं, लांब अमेरिकेत सॅन दिएगोजवळ लाकडात बांधलेलं हॉटेल डेल कोरोनाडो १८८८ चं. रॅफल्सची तर मजाच आहे, ते अगदी समुद्रावर होतं, पण सिंगापूरनं भराव टाकून टाकून जमीन वाढवली आणि समुद्र लांब गेला. रस्त्याचं नाव मात्र अजून बीच रोड. पावसाळ्यात आपल्याकडे नदी घरात येते आणि तिकडे समुद्रच घर सोडून गेला!

आणि हो, गेटवे ऑफ इंडिया ताजच्या नंतरचा आहे बरं का. खूप जणांना उलटं वाटतं. राजा पंचम जॉर्ज १९११ ला उतरला तेव्हा गेटवे बांधलेलाच नव्हता, तात्पुरती कमान केली होती. खरा गेटवे पुरा झाला १९२४ ला. म्हणजे ताजच्या पहिल्या वीस वर्षांच्या गिऱ्हाईकांनी खिडकीतून नुसताच समुद्र बघितला. पहिल्या महायुद्धात तर तिथं सहाशे खाटांचं हॉस्पिटल होतं.

अजून एक. आपल्याला समुद्र म्हणजे सूर्यास्त. गणपतीपुळे, रत्नागिरी, आपली सवय ती. ताजचा समुद्र पूर्वेला आहे, बंदराची बाजू. तिथं सूर्य समुद्रातून वर येतो. आम्ही राहिलो त्या दिवशी हे पहाटे साडेपाचला खुर्ची खिडकीला लावून बसले. एरवी कॉलनीच्या मॉर्निंग वॉकला उठवायला तीन हाका मारायला लागतात. पैसे वसूल करत होते! आधी मच्छीमार बोटींचे दिवे, मग मोठ्या जहाजांच्या काळ्या आकृत्या, मग एलिफंटाच्या बाजूनं लाल व्हायला लागलं. चहा मात्र त्यांना आवडला नाही. म्हणाले, दूध वेगळं देतात, हे काय.

२००८ बद्दल बोलते आणि मग चिठ्ठ्या घेते.

२६ नोव्हेंबरला रात्री आम्ही सगळ्यांसारखेच टीव्हीसमोर. घुमटाखालून धूर येताना बघितला. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तीन दिवस चाललं ते. ताजमध्ये ३१ माणसं गेली, पाहुणे आणि स्टाफ दोन्ही. दारं माहिती होती, पळून जाता येत होतं, तरी पाहुण्यांना बाहेर काढायला जे मागे राहिले त्या स्टाफबद्दल नंतर खूप लिहून आलं, मी नवीन काय सांगणार. ताजचाच शेजारचा नवा टॉवर त्याच डिसेंबरमध्ये उघडला. जुन्या इमारतीला मात्र वेळ लागला, १५ ऑगस्ट २०१० ला उघडली.

मधल्या वर्षी आम्ही गेलो, जायचं नव्हतं मला, आई म्हणाली चला. सी लाउंज बंद होतं. बाहेरच बसलो, भडंग खाल्लं. परांच्या लागलेल्या होत्या, पडदे सोडलेले. आईनं विचारलं, हे आता नवीनच करणार का गं सगळं? मी म्हटलं माहिती नाही. खरं सांगायचं तर इंजिनिअर म्हणून मला भीती होती की जळाल्याचं निमित्त करून आतून सगळं चकाचक ग्रॅनाइट करून टाकतील. आगीनंतरची दुरुस्ती फार अवघड असते, नुसतं जळालेलं बदलून भागत नाही, जे जळालं नाही पण तापलंय त्याचं काय, दगड तडकलाय का, लोखंड वाकलंय का, आणि विझवताना मारलेलं पाणी लाकडात किती मुरलंय. २०१० नंतर आत गेलो तेव्हा मी जिन्याशी उभी राहिले. मधला तो मोठा जिना, मधोमध आधार नसलेला, खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर म्हणून बांधणारे होते, त्यांची ती करामत. मी खालून वर बघितलं, जिना होता तसा होता. आई शिकलेली नव्हती फार, ती कठड्यावर हात ठेवून म्हणाली, कुठं जोडलंय ते कळत नाही.

लॉबीत त्या ३१ जणांच्या नावांचं स्मारक आहे. आम्ही चहाच्या आधी तिथं थांबतो. तेवढीच एक गोष्ट आमच्या नेहमीच्या रस्त्यात नंतर आली.

आता याच्या उलट उदाहरण देते आणि ते पण समुद्रावरचंच. कोकणात एक जुनं लॉज होतं, नाव घेत नाही. कौलारू, लाकडी सज्जा, पडवीत झोपाळा, मुलगी लहान असताना आम्ही तिथं पण जायचो. एका वर्षी गेलो तर कौलं गायब, वर स्लॅब. मालक खूश, म्हणाला, मॅडम, दरवर्षी कौलं परतायची कटकट गेली. मी वाळू कुठली वापरली ते विचारलं, तर खाडीचीच, धुतलेली पण नाही. म्हणजे मीठ समुद्रातून यायचंही थांबलं नाही, यांनी ते काँक्रीटमध्ये आधीच मिसळून ठेवलं. काही वर्षांतच छताच्या सळया दिसायला लागल्या. आता खोलीत बादली ठेवतात. दरवर्षी कौलं परतायची कटकट म्हणजेच ते लॉज होतं, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार.

आणि आपण सांगलीकरांनी तरी कोकणाला का हसायचं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, गावभागातल्या जुन्या वाड्यांत पुरुषभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर मी बरेच वाडे फिरून बघितले. मातीच्या भेंड्याच्या भिंती बसल्या होत्या, पण चुन्याचं दगडी जोतं बहुतेक ठिकाणी शाबूत. आणि नंतर काय केलं लोकांनी? ओल दिसू नये म्हणून टाइल्स लावल्या भिंतीला. कमरेइतक्या. ओल काय टाइल्सला घाबरते? ती टाइलच्या वरच्या कडेला येऊन उभी राहिली.

बरं, चिठ्ठ्या आल्यात.

पहिली चिठ्ठी, 'ताजसारख्या कंपनीकडे पैसा आहे, म्हणून टिकलं, वाड्यातल्या माणसानं काय करायचं?' मुद्दा एकदम बरोबर. पैसा आहेच. पण वॉटसनची जागा काय स्वस्त होती का? पैसा लागतो, पण त्याच्याआधी मालक कोण आणि जबाबदारी कुणाची हे ठरलेलं लागतं. वाड्यात सहा हिस्सेदार असतील आणि सहा जण एकमेकांची वाट बघत असतील तर कोट रुपये दिले तरी छप्पर गळणार. निदान पावसाळ्याआधी पन्हाळी साफ करा आणि भिंत वाजवून बघा, त्याला कुणाची सही लागत नाही.

दुसरी चिठ्ठी, 'तेच तेच बघून कंटाळा येत नाही का?' ही माझ्या विद्यार्थ्याची दिसतीय, अक्षर ओळखते मी. अरे, माझं तेच लेक्चर तू दोन वर्षं ऐकलंस ना, एटीकेटीमुळं? दुसऱ्या वर्षी जास्त कळलं की नाही?

तिसरी. 'खर्च किती येतो आणि कपडे कसले लागतात?' ही चिठ्ठी महत्त्वाची. तिथल्या चहाच्या एका माणसाच्या पैशात सांगलीत घरातले सगळे पोटभर जेवून येतील, हे आधीच समजून जा, तिथं मेनूकार्ड बघून तोंड वाकडं करू नका. आम्ही वर्षभर डब्यात पैसे टाकतो. कपडे स्वच्छ पाहिजेत, बास, मी सुती साडीत जाते. पावसाळ्यात गेटवेवरून सुटणाऱ्या मांडव्याच्या बोटी बंद असतात पण समुद्र बघायला तेव्हाच मजा आहे. दुरुस्तीची कामं बघायची असतील, माझ्यासारखी हौस असेल, तर दिवाळीनंतर जा. महालक्ष्मीचं रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, ते लगेच करा. आणि सी लाउंजला आधी फोन करून खिडकीचं टेबल मागून ठेवा, नाहीतर एवढे पैसे देऊन दुसऱ्यांच्या पाठी बघत चहा प्यायला लागेल.